शब्दाची शेपटी

आमच्या केचुआत नुसतं ‘नेलं’ म्हणता येत नाही.
शब्दाला शेपटी लावावी लागते:
‘मि’ लावली तर मी डोळ्यांनी पाहिलं,
‘सि’ लावली तर लोक सांगतात, म्हणे.
स्पॅनिशला अशी शेपटी नाही.
म्हणून आयाकुचोतल्या या कचेरीत
मला दिवसाचे साठ सोल मिळतात,
चहा वेगळा.

सातुर्निना वामानी, वय लिहा अंदाजे चौऱ्याहत्तर.
मुलगा एलेउतेरिओ, वय एकोणीस.
ते तेवढंच राहिलंय.
समोर फॉर्म, चौदा पानी,
जगातल्या कुठल्या कुठल्या खड्ड्यांपाशी शिकत शिकत
इथवर आलेला.
फॉर्म भरणारा ब्रूनो ग्वाटेमालाचा.
त्याचा सख्खा काका अजून कुठल्याच पेटीत नाही.
हे तो सांगत नाही. मला जेवताना कळलं.

दात? पुढचा एक किडका,
भाजताना करपलेल्या मक्याच्या दाण्यासारखा.
हाड मोडलं होतं कधी? गाढवावरून पडला, डावा हात,
आजोबांनी बांधला, वाकडाच जुळला.
कपडे?
इथं बाई थांबली.
स्वेटर हिरवा. उजव्या कोपराला जांभळं.
हिरवी लोकर संपली होती हो,
बाजार रविवारी
आणि ते आले गुरुवारी.

‘आले’ला तिनं ‘मि’ लावली.
ट्रकमध्ये चढवलं, ‘मि’.
ट्रक छावणीकडं वळला, ‘मि’.
त्यापुढं सगळं ‘सि’:
म्हणे विहिरीपाशी, म्हणे भट्टीत,
म्हणे सरहद्दीपार पळाला, बायको केली,
म्हणे असा कुणी नव्हताच.
हे शेवटचं कॅप्टननं दिलं होतं, लेखी, शिक्क्यासकट.
शिक्क्याला कुठली शेपटी लावायची
ते मला आजही ठरवता येत नाही.

मग कापसाची काडी गालात फिरवली.
ती हसली, बोळक्या तोंडानं:
इतकी वर्षं सरकार माझ्यावर थुंकलं,
आज पहिल्यांदा माझी थुंकी मागतंय.
ब्रूनोनं विचारलं, काय म्हणाल्या?
मी म्हटलं, चालेल म्हणाल्या.

जिनिव्हाहून अधूनमधून पत्र येतं:
प्रकरण खुलं आहे.
खुलं म्हणजे कसं, कुंपण मोडलेल्या शेतासारखं?
नाही, म्हटलं, वही अजून मिटलेली नाही, तसं.
मग मिटू नका म्हणावं.
मिटवायला इथले पुष्कळ आहेत.

परवा छावणीमागच्या खड्ड्यातले कपडे
शाळेच्या हॉलमध्ये मांडले.
पांढऱ्या कागदांवर, नंबर घालून,
बाह्या नीट पसरून, इस्त्रीला टाकल्यासारखे.
चार गावांच्या बायका ओळीनं फिरत होत्या,
हात मागं बांधून.

सातुर्निना बत्तीसपाशी थांबली.
हिरवं नव्हतं. तपकिरी बंडी, खिशाजवळ रफू.
वाकली, नाक कागदाला टेकेल इतकी.
हा टाका तेओदोसियाचा.
डावरी होती, उलटा घालायची,
मी शंभरदा हसलेय तिला यावरून.
तेओदोसिया दोन वर्षांखाली गेली,
पोराच्या ताटलीतला घास
रोज संध्याकाळी कोंबड्यांना टाकत टाकत.

खात्री आहे का, विचार, ब्रूनो म्हणाला.
मी विचारलं.
शेपटी एकटी कधी येत नाही, असं व्याकरण सांगतं.
ती म्हणाली,
‘मि.’
एवढंच.

फॉर्ममध्ये शेजारणीच्या टाक्याला रकाना नव्हता.
ब्रूनोनं समासात लिहिलं, तिरकं,
आणि पेनाचं टोपण कितीतरी वेळ शोधत राहिला,
ते त्याच्या दातांत होतं.

मग ती पुढं गेली.
तेहतीस. चौतीस.
अडतीसपाशी कागद संपले.
दुसरा खड्डा मे महिन्यात उघडणार,
मी तिला सांगितलं,
‘सि’ लावून.